सोनोने हवालदारांना पाजलेलं पाणी

एकाहत्तरच्या लढाईत मी पूर्व आघाडीवर फील्ड अ‍ॅम्ब्युलन्समध्ये, म्हणजे आघाडीवरच्या लष्करी दवाखान्यात, नर्सिंग असिस्टंट होतो. स्ट्रेचर पार्टीचे प्रमुख हवालदार तुळशीराम सोनोने माझ्याच मेडशी गावचे. जखमी आला की कुणी उचलायचं, कुणी श्वास पाहायचा, कुणी गाडी मागवायची, सगळं ठरलेलं असे. सोनोने एवढंच म्हणत, "बोलू नका. उचला."

लढाईनंतर ते पेन्शनवर गावी आले. त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी रजेवर होतो. सकाळी त्यांच्या अंगणात बसलो असताना त्यांच्या हातून चहाचा कप निसटला. तोंड डावीकडे ओढलं गेलं. उजवा हात लोंबकळला. बोलायला गेले, तर नुसती घरघर.

"लकवा मारला!" शेजारी ओरडला. "अंगाले कबुतराचं रक्त चोया."

"काही चोयू नका," मी म्हणालो. "अकोल्याले न्या लागते."

त्यांना बाजेवर कुशीवर झोपवलं. बस दुपारी होती. मी ट्रक अडवायला रोडकडे धावलो.

ट्रक घेऊन आलो तेव्हा त्यांना ठसका लागला होता. चेहरा निळा पडत होता. त्यांच्या पत्नी कमलाकाकू पेला धरून उभ्या होत्या.

"घसा सुकला असन म्हून पाणी पाजलं, बापू."

लकव्यात गिळणंही बिघडतं. पाणी फुप्फुसात उतरतं. मला हे शिकवलेलं होतं. युनिटमध्ये कुणाला सांगावं लागत नसे, आणि इथे सांगायचं मला सुचलं नाही.

अकोल्याच्या डॉक्टरांनी शर्थ केली. न्यूमोनिया झाला. आठवड्याच्या आत हवालदार गेले.

काकूंनी मला विचारलं, "माह्या पाण्यानं गेले का हे?"

"नाही काकू. म्या सांगतलं नाही म्हून."

त्या म्हणाल्या, "मंग आता सांग. साऱ्यायले सांग."

उरलेल्या रजेत आम्ही दोघं विहारात गेलो, पारावर गेलो, बसथांब्यावर उभे राहिलो. तोंड वाकडं झालं, हात पडला, की कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. आपल्या हातून काय झालं, ते काकू स्वतःच सांगत. मला ते ऐकवत नसे.

पुढल्या वर्षी गावातल्या एका म्हाताऱ्याला लकवा मारला. मी युनिटमध्ये होतो. काकूंनी त्याच्या सुनेच्या हातातला पेला काढून घेतला आणि गाडी अडवली. तो वाचला. हात अधू राहिला, पण वाचला.

सोनोने हवालदारांनी गोळीबारातून कितीतरी पोरं उचलून आणली. त्यातली काही आज नातवंडं खेळवत असतील. हवालदारांनाच उचलायची पाळी आली, तेव्हा माणसं होती, बाज होती. हुकूम मीच अर्धा दिला.