सायमन मास्तरांचा रिकामा ठोका

कडावहून भाताची पोती घेऊन आलेल्या टेंपोवाल्याशी मी भाड्यावरून हुज्जत घालत होतो. तो मध्येच म्हणाला, "शेठ, भाड्याचं मागनं बघू. तुमचं पियानोवालं मास्तर सकाळी गेलं." मी गिरणीची मोटर बंद करायला लावली आणि तो म्हणेल तेवढं भाडं देऊन टाकलं. त्याला आता दीड महिना होईल. सायमन कडावकर हे नाव एकाही वर्तमानपत्रात आलं नाही. येणार नाही हे ठाऊक असूनही मी रोज पानं उलटत होतो... शेवटी म्हटलं, आपणच लिहावं.

मास्तर कडावचे बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडचे मराठी ज्यू. घरी तेलाचा घाणा होता. मुंबईला शिकायला गेलेला हा मुलगा शाळेतल्या बाईंकडे पियानो शिकला आणि पुढे मोठमोठ्या हॉटेलांत जॅझ वाजवू लागला. जॅझ म्हणजे काय, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "भजनात अभंग ठरलेलाच असतो ना? पण चांगला बुवा दर वेळी तो निराळा फिरवतो. तसंच." सिनेमाच्या कितीतरी गाण्यांत त्यांची बोटं आहेत, जॅझच्या काही रेकॉर्डांतही आहेत. वेष्टनावर मात्र दरवेळी दुसऱ्याचं नाव. नातेवाईक एकेक करून इस्राएलला गेले, हे राहिले. का, असं विचारलं की हसायचे.

कर्जतला माझी भाताची गिरणी. हमालीपासून सुरुवात करून उभी केलेली. खोपोलीजवळच्या एका बंगल्याचं सामान मी एकगठ्ठा घेतलं होतं, त्यात एक पियानो पदरात पडला. गिऱ्हाईक मिळेना, म्हणून त्यावर कोंड्याची पोती रचली. मास्तर घरचं भात भरडायला आले आणि दारातच थबकले. "शेठ, त्याच्या पाठीवरचं ओझं उतरवता का जरा?" गिऱ्हाईक सापडलं म्हणून मी भाव चढवून सांगितला. या माणसानं घासाघीस केलीच नाही. म्हणाले, "घेतला. पण घरात मावायचा नाही. इथंच येऊन वाजवीन." तेव्हापासून हॉटेलची सुट्टी असली की दुपारी मास्तर गिरणीमागच्या खोलीत. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून पियानोच्या पोटात विजेचा दिवा जळत ठेवायचे. बिल माझं.

तेव्हा गिरणी डिझेलच्या इंजिनावर चालायची. या इंजिनात एक खोट होती. सहा ठोके टाकायचं आणि सातवा गिळायचं. त्या खोटीवर बोट ठेवूनच मी त्याचा भाव पाडला होता. एकदा दुरुस्तीचं काढलं, तर मास्तर धावत बाहेर आले. "नको हो शेठ! तो रिकामा ठोका राहू द्या." त्या ठोक्यावर त्यांनी एक चाल बांधली होती. सूर चढत चढत यायचे आणि नेमके तिथे हात उचलायचे. पोरगं उंबऱ्याशी आईसाठी थांबावं, तसं सगळं क्षणभर थांबायचं... मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी पोतं शिवताना त्या जागी सुई थांबवू लागलो. चालीचं नाव त्यांनी 'गिरणी' ठेवलं.

पुढे त्यांच्या बँडनं ती रेकॉर्ड केली. रेकॉर्ड बाजारात आली, तेव्हा वेष्टनावर म्होरक्याचा फोटो, चाल 'बँडची' आणि मास्तरांचं नाव कुठेच नाही. मी तडक मुंबईला त्यांचं हॉटेल गाठलं. "ही चाल कुणाची?" म्होरक्या म्हणाला, "आमच्या बँडची." म्हटलं, "का, तुमचा बँड भात भरडतो?" मास्तरांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. "शेठ, तुमचा तांदूळ कुणाच्या पानात पडला, हे विचारायला जाता का तुम्ही?"

"मी दाम घेऊन देतो, मास्तर! तुम्ही फुकट देता."

"नावाचं सोडा हो," ते खाली बघत म्हणाले. "ड्रमवाल्यानं रिकामा ठोका भरून टाकला. ते लागलं. आता ती चाल कुणाला कळायचीच नाही."

त्यांचा मला अजून राग आहे. त्या म्होरक्यापेक्षा जास्त. भांडायला हवं होतं या माणसानं.

मी टेपरेकॉर्डर विकत घेतला आणि बजावलं, "इथंच वाजवा, इंजिनासकट. बघू कोण भरतो ते." दिवस ठरला. मास्तरांच्या पत्नी रिबेकावहिनी डबा घेऊन आल्या. इंजिन सुरू केलं, तर एकही ठोका चुकेना. खालापूरचा मिस्त्री कोपऱ्यात अभिमानानं हात पुसत उभा. "सकाळीच येऊन खोललं. मास्तरांचं रेकॉर्डिंग हाय म्हटल्यावर इंजिन कसं घड्याळावानी पायजे ना!"

मी त्याच्या अंगावरच धावलो. "घाल ती खोट परत! आत्ताच्या आत्ता!"

"शेठ, खोट काढता येती. घालता नाय येत."

वहिनींना हसू आवरेना. मास्तर पोट धरून हसले, डोळे पुसले आणि म्हणाले, "चालू राहू द्या. इतकी वर्षं त्यानं माझ्यासाठी जागा ठेवली. आज मी ठेवतो." आणि वाजवायला बसले. त्यांचं नाव असलेलं एवढंच एक रेकॉर्डिंग आहे, आणि ते नावही टेपवर मी स्वतः लिहिलेलं. सूर चढत येतात, हात उचलला जातो आणि त्या जागेत एकटं इंजिन ऐकू येतं.

विजेची मोटर आली, तसं इंजिन कडेला पडलं. गेल्या आठवड्यात भंगारवाला आला. त्याला चालवून दाखवलं. कान देऊन ऐकत तो म्हणाला, "लई बेस हाय शेठ. कुठंच खोट नाय." मी असा भाव सांगितला की तो चहा अर्धा टाकून उठला. इंजिन मी तसंच चालू ठेवलं आणि पोतं शिवायला घेतलं... सुई सातव्या ठोक्याला थांबत होती.