येताक्षणीच नाव

कूलरच्या ओल्या वाळ्याचा वास आला, की वडवणीच्या कॉलेजातली कॉम्प्युटर लॅब आठवते. चॅटमध्ये येणाऱ्याचं नाव घेऊन स्वागत करणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, मी लिहिली होती, आणि ऊसतोडीला गेलेली आई मोबाइलवरून पहिल्यांदाच तिथं येणार होती. फडावर नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात. तिला नावानं कुणी हाक मारत नाही. पण चाचणीत नावाची जागा कोरीच यायची. "पाव्हण्याला नाव न्हाई का बे?" शेजारचा मित्र हसला. मग उमगलं, नाव फक्त येण्याच्या क्षणापुरतं मिळतं आणि मी ते पाच सेकंदांनी, स्वागत करताना मागत होतो. येताक्षणीच ते जपून ठेवणारी ओळ घातली, तोच आई चॅटमध्ये आली आणि तिचं नाव पडद्यावर उमटलं. लगेच फोन आला, "माजं नाव घेतलं रं त्यानं. थांब, भाईर जाऊन परत येते." अजूनही स्वागताची कुठलीही स्क्रिप्ट लिहिताना मी आधी तीच ओळ लिहितो.