चोवीस दोर पूर्वेला, अठरा उत्तरेला

गणित शिकून काय दिवे लावणार, असं मला गावात पुष्कळांनी विचारलं. तोंड वर करून सांगते, आमच्या बौद्ध वस्तीत पाणी आलं ते दहावीतल्या अंतराच्या सूत्रानं. कुणाच्या मेहेरबानीनं नाही.

दुष्काळाचं साल होतं. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, आणि वस्तीला हातपंप मिळावा म्हणून केलेला आमचा अर्ज नव्या कचेरीतून परत आला. पाचशे मीटरच्या आत सरकारी विहीर असेल तर बोअर नाही, असा नियम. अर्जावर शेरा होता, अंतर ऐंशी मीटर. आई त्याच विहिरीवर दिवसाला आठ खेपा करायची. शेरा ऐकून ती घागर उचलून नवव्या खेपेला निघाली. माझं मात्र डोकं फिरलं.

मी ग्रामसेवकाला गाठलं. चालून बघा म्हटलं. तो म्हणाला, "पोरी, वाटेचं अंतर धरत न्हाईत. सरळ रेषेतलं धरतेत."

बरं. सरळ तर सरळ. पण सरळ रेषेत एका बड्या शेतकऱ्याचं रान होतं. पीक कधीच जळून गेलं होतं, कुंपण तेवढं शाबूत होतं, आणि आम्हाला आत पाय टाकायची सोय नव्हती. वाट रानाला वळसा घालून जायची. आधी पूर्वेला ओढ्याच्या फरशीपर्यंत, मग काटकोनात वळून उत्तरेला विहिरीपर्यंत. त्रिकोणाच्या या दोन बाजू आमच्या रोजच्या पायाखालच्या. तिसरी काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती.

शाळेच्या टेपानं वीस मीटरचा दोर मापून घेतला. वडील गवंडी, त्यांचा गुण्या फरशीपाशी धरून काटकोन तपासला. दोराचं दुसरं टोक आईच्या हातात दिलं.

"लोकं बघायलेत गं," ती म्हणाली.

"बघू दे."

पूर्वेला चोवीस दोर भरले, उत्तरेला अठरा. आलेखाच्या कागदावर वस्ती शून्यावर मांडली आणि विहिरीचा बिंदू टाकला. चोवीसचा वर्ग, अठराचा वर्ग, बेरीज नऊशे. वर्गमूळ तीस. तीस दोर म्हणजे सहाशे मीटर, आणि तेही सरळ रेषेत! मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच आलं.

आईला घेऊन एसटीनं लातूर गाठलं. कचेरी भाड्याच्या घरात होती, फायलींची गाठोडी अजून सोडलेली नव्हती. इंजिनिअर साहेबांपुढे मी कागद ठेवला. त्यांनी पेन्सिलीनं सगळं पुन्हा करून पाहिलं.

"उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आम्ही चावडीपासून मोजतो. नकाशावर गाव म्हणजे चावडीच असते."

तेव्हा आई पुढं झाली. "मंग साहेब, तहान चावडीला लागती का? आम्ही तिथं ऱ्हात न्हाई."

साहेब उठले. भिंतीवरचा नकाशा काढून त्यांनी टेबलावर पसरला. चावडी होती, विहीर होती, त्या शेतकऱ्याचं रानसुद्धा गट नंबरासकट होतं. आमच्या चाळीस घरांच्या जागी कोरा कागद होता. इतका राग मला त्याआधी कधी आला नव्हता, त्यानंतरही नाही.

"कुठं येते वस्ती? दाखव," म्हणत त्यांनी पेन्सिल उचलली.

"पेन्सिल नको, साहेब," मी म्हटलं. "शाईनं टाका."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्याच हातात दिलं. बोअरचं मशीन यायला पुढे महिना लागला. पण नकाशावर आमची वस्ती त्याच दुपारी आली, आणि ती मी टाकली.