बालवाडीची खुर्ची

मंजुळा बाकावर चढायची ती ठरलेल्या पद्धतीने. आधी दप्तर वर टाकायचं, मग दोन्ही कोपरं टेकायची, मग एक गुडघा. कुणी हात द्यायला गेलं की मान न वळवता म्हणायची, "थांबा. येतेय मी." पाचवीतली सगळ्यात ठेंगणी मुलगी, तिच्या हाडांची वाढच तेवढी. जीभ मात्र पुरेपूर वाढलेली. एका मुलीने तिला बाहुलीसारखं उचललं, तर म्हणाली, "अकरा वर्सांची हाय मी. खाली सोड, न्हायतर चावेन."

ही गोष्ट दोन हजार तीन-चारच्या सुमाराची. कामतघरच्या आमच्या शाळेत खिडक्या लावल्या तरी आजूबाजूच्या कापडगाळ्यांतल्या लूमचा खडखडाट आत यायचा आणि मी, नवीकोरी शिक्षिका, घसा ताणून शिकवायचे. बाकावर मंजुळाचे पाय लोंबकळत, दुपारपर्यंत सुजत. मला फार कळवळा आला. बालवाडीतून एक बुटकी लाल खुर्ची मागून आणली आणि माझ्या टेबलाशेजारी तिची जागा केली. मुख्याध्यापकांनी कौतुक केलं. मीही ते चारचौघांत सांगत फिरले, खोटं कशाला बोलू?

पाय सुजायचे थांबले. तिचं बोलणंही थांबलं, ते मात्र माझ्या लक्षात आलं नाही. मागच्या बाकांवर चिंचा फिरायच्या, चिठ्ठ्या फिरायच्या; टेबलापर्यंत काहीच पोचायचं नाही. बाईंच्या नाकासमोर बसलेल्या मुलीशी कोण कुजबुजणार? मी "शहाणी गं माझी ती" म्हणायचे आणि ती हसायची.

दिवाळीची सुट्टी संपली आणि तिचे वडील लूमवरच्या ड्युटीवरून थेट शाळेत आले. केसांत कापूस तसाच होता, मागे मंजुळा उभी होती.

"बाई, दाखला द्या. पोर शाळेला नको बोलते. गावी दिघाशीला आजीकडं ठेवतो."

"पण तिथली शाळा चौथीपर्यंतच ना? म्हणून तर यंदा इथे आली ती."

"मी पण तेच बोलतोय. ऐकत न्हाय."

मंजुळा खाली बघत म्हणाली, "तिकडं बाकंच न्हाईत, बाई. सगळी खाली बसत्यात. मी मधी बसायची."

आठ दिवस थांबा, एवढंच मी वडिलांना म्हटलं. दुसऱ्या दिवशी पोरांना हाताशी घेऊन सगळी बाकं भिंतीला लावली आणि सतरंज्या पसरल्या. "शाळा आहे की भजनी मंडळ?" मुख्याध्यापक कुरकुरले. मंजुळा दारात क्षणभर थबकली आणि कुणी सांगायच्या आत दोन मुलींच्या मध्ये जाऊन बसली. तासाभरात मला तिच्यावर ओरडावं लागलं, "मंजुळा, बडबड बंद!" ओरडताना एवढा आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

दाखला राहिला. पुढची अडीच वर्षं तो वर्ग माझ्याकडेच राहिला आणि जमिनीवरच भरला. सातवीनंतर ती लांबच्या हायस्कूलात जायला निघाली, तेव्हा मला राहवेना. विचारलं, "चार महिने एकटी बसलीस. एकदा तरी सांगायचंस गं मला."

"तुम्ही किती हौसेनं आणलेली खुर्ची," ती म्हणाली. "तुम्हाला वाईट वाटलं असतं."

अकरा वर्षांची पोर माझं मन राखायला चार महिने एकटी बसली होती. पुढच्या शाळेत तिला कुणाकुणाचं मन राखावं लागलं, ते मला कधीच कळलं नाही.