कंसात अडकलेला भोंगा

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बीदरजवळच्या एका कारखान्यात बॉयलरवर लक्ष ठेवायला कॉम्प्युटर आला, आणि त्यासाठी मी नोकरीला लागले. बॉयलरमधलं पाणी उतरलं की भोंगा वाजवायचा, हे त्याचं मुख्य काम. एका दुपारी बॉयलरला पाणी पुरवणारा पंप अडकला, पाणी उतरलं, पण भोंगा वाजलाच नाही. बॉयलरवरच्या अटेंडंटचं लक्ष होतं म्हणून निभावलं. सगळ्यांनी वायरला दोष दिला, वायर बदलली. मला मात्र चैन पडेना.

प्रोग्राम बाहेरून आलेला, मॅक्रोंनी भरलेला. मॅक्रो म्हणजे एक आखूड शब्द. त्याच्या जागी मशीन आपणच लांबलचक मजकूर भरते. तो भरलेला मजकूर मी पडद्यावर उघडला, तर कंस, अर्धविराम, सगळं एकाला एक चिकटलेलं. मी तो मोकळा करत बसले. अर्धविराम आला की नवी ओळ. कंस उघडला की ओळ आत सरकवायची, मिटला की बाहेर.

आमचे साहेब मागे येऊन उभे राहिले. त्यांना सगळे अण्णाच म्हणत.

"कामून करायलीस हे? मोकळ्या जागा मशीनला दिसतात व्हय?"

"मशीनला न्हाई अण्णा, मला दिसाव्यात म्हणून."

'पंप चालू असेल तर' या ओळीशी एक कंस उघडला होता. तो तिथल्या तिथे मिटायला हवा होता. मिटत होता पार पुढच्या मॅक्रोत. भोंग्याची ओळ त्यामुळे कडेला न येता आत, पंपाच्या खाली जाऊन बसली. म्हणजे पंप चालू असेल तरच भोंगा. पंप बंद पडून पाणी उतरलं, तर सगळं गप्प.

"अण्णा, पंप आत्ता चालू हाय का?"

त्यांनी फोन लावला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरला. "दुरुस्तीला खोललाय."

आम्ही पळालो. बॉयलरची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत पाणी दिसत नव्हतं. अटेंडंट पंपापाशी वाकलेला. आम्हाला बघून त्याने मान वर केली, नळीकडे पाहिलं आणि ओरडला, "दुसऱ्या लाइनीचं पाणी सोडू का?"

"सोडू नको! तापल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर फुटंल! भट्टीतली आग ओढून काढ, अन् समदे भाईर व्हा!" अण्णा ओरडले.

बाहेर लाल मातीत आम्ही लांब उभे राहिलो. आत लोखंड कडकड वाजत निवत होतं. कुणाला इजा झाली नाही. आतल्या नळ्या तेवढ्या वाकल्या.

कंस मी जागेवर आणला. पण तोच प्रोग्राम इतर ठिकाणीही बसवलेला. अण्णांनी एका कारखान्याला फोन लावला.

"आमचं ब्येस चालायलंय की," पलीकडचा हसत म्हणाला. "भोंगा अजून एकदा बी वाजला न्हाई."