वास येतो, हे कुणी सांगायचं?

दातांवर कीटण साचतं ना, तसे दातांच्या दवाखान्यात किस्से साचतात. रोज थोडे थोडे, आणि साचतायत हे कुणाच्या लक्षातही येत नाही! नसरापूरला माझी बायको सुलभा दवाखाना चालवायची. मी दिवसा शाळेत शिकवायचो आणि संध्याकाळी तिच्या बाहेरच्या टेबलावर बसून केसपेपर लिहायचो. नाव, गाव, वय, तक्रार.

"तोंडाला वास येतो, असं लिहा," म्हणणारा पेशंट मला क्वचितच भेटला. सगळ्यांचा आपला दात दुखायचा. पेशंट टेबलावर वाकून नाव सांगायला लागला, की खरी तक्रार मला कळलेली असायची!

"मग विचारा की सरळ," सुलभा म्हणायची. "आजार आहे तो, गुन्हा नाही."

मला ते जमायचं नाही. "निवृत्त व्हायच्या आत एकाला तरी तोंडावर सांगा," एवढीच तिची मागणी होती.

*

कापूरहोळच्या एका गॅरेजमधला मिस्त्री आला. खुर्चीत बसायलाच तयार नाही.

"मॅडम, माझं काय न्हाई. माझा एक मित्र हाय, त्याच्या तोंडाला लई वास येतो."

"त्याला आ करायला सांगा," सुलभा म्हणाली.

मिस्त्रीनं आ केला!

*

वेल्ह्याकडचे एक तात्या होते. कवळी बसवल्यापासून ती त्यांनी कधी काढलीच नव्हती, झोपतानासुद्धा! सुलभानं आतून मला खूण केली, आता तुम्ही सांगा.

मी धीर केला. म्हणजे बडीशेपेची वाटी पुढे सरकवली. तात्यांनी मूठभर घेतली, सावकाश चावली, मग दुसरी मूठ घेतली.

"सर, बडीशेप झाली," ते म्हणाले. "पर जेवान कवा हाय?"

शेवटी सुलभाच बाहेर आली. "तात्या, रात्री कवळी काढून पाण्यात ठेवत जा. तिलाही झोप लागते."

*

"बोलता येत नाही तर लिहून लावा," असं मग ठरलं. मी मोठ्या अक्षरात पाटी रंगवली: 'जिभेवरचा पांढरा थर रोज घासून काढा. वास बऱ्याचदा तिथूनच येतो.' खरं सांगायचं तर ही पाटी मी एकाच माणसासाठी रंगवली होती, आमच्या हेडमास्तरांसाठी.

ते दाढ दाखवायला आले. पाटी दोनदा वाचली. "फार उपयुक्त!" म्हणाले. मी मनात सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या दिवशी परिपाठाला त्यांनी सगळ्या शाळेला जिभा बाहेर काढायला लावल्या, आणि एकेका मुलाच्या तोंडाशी वाकून तपासणी सुरू केली. पोरांनी जिभा बाहेर काढल्या, पण नाकं दाबून!

हेडमास्तर माझ्याकडे वळले. "बघा सर, स्वतःचा वास स्वतःलाच सहन होत नाही यांना!"

*

पासलीच्या एका मामांचे दात सुलभानं स्वच्छ केले. हिरड्या सुजलेल्या, तंबाखूचा थर बसलेला, तीन खेपा लागल्या. मामांनी तंबाखूही सोडली. आठ दिवसांनी त्यांची बायको त्यांना घेऊन परत हजर!

"मॅडम, ह्यांचं तोंड पयल्यासारखं करून द्या."

"का हो?"

"म्हस जवळ यिऊ दीना ह्यांना. धार काढाया बसले की लाथ झाडती. वासच वळखीचा ऱ्हायला न्हाई तिच्या."

मामा बिचारे चकचकीत दात ओठांआड दडवून उभे होते. सुलभानं हसू दाबलं. "नव्या वासाची सवय व्हायला आठ-दहा दिवस लागतील तिला."

"धाच दिस?" मामी म्हणाल्या. "मला जुन्याची व्हाया बावीस वर्सं लागली!"

मामा चमकले. "मंग इतकी वर्सं बोलली का न्हाईस?"

"म्हशीला लाथ मारता येती. म्या काय करायचं हुतं?"

*

सुलभाला जाऊन आता दोन वर्षं होतील. शेवटच्या महिन्यांत औषधांनी तिचं तोंड सारखं कोरडं पडायचं. लाळ कमी झाली की वास येणारच, हे तीच सगळ्यांना सांगत आलेली. एका दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो.

"अहो, येतो का हो मला वास?"

"छे!"

"एवढ्या लांबून काय कळणार? जवळ या."

मी वाकलो. तिनं तोंड उघडून मोठा उसासा सोडला.

"आता?"

मी मान हलवली. नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग हसायला लागली.

"अहो, मग श्वास कधी घेणार?"