डॅशबोर्डमधली घरघर

जायचं ठरलं ते एका पट्ट्यामुळे. आमची घरगाडी म्हणजे तीस वर्षांची जुनी मिनीबस. माझ्या नवऱ्यानं, अविनाशनं, तिच्यात पलंग, शेगडी आणि बेसिन बसवून चालतंफिरतं घर केलं. तिच्या डॅशबोर्डमधल्या एसीनं गार हवा देणं चार उन्हाळ्यांपूर्वीच सोडलं होतं, पण त्याचा कॉम्प्रेसर फिरत होता, आणि तो फिरवणारा पट्टाच इंजिनाच्या पाण्याचा पंपही फिरवतो. नाशिकच्या दोन मेकॅनिकांनी एकच निदान केलं. कॉम्प्रेसर कधीही जाम होईल, पट्टा तुटेल आणि इंजिन घाटात उकळेल. एसी नीट तरी करा, नाहीतर काढून टाका. त्यातल्या एकानं वर विचारलं, "गार होत नाही तर नुसता ब्लोअर लावून काय बसता?" मी त्याला उत्तर दिलं नाही.

इथे देते. त्या ब्लोअरला आवाज होता. आधी लांब घरघर, मग थांबणं, मग हलकेच सुटलेली हवा. झोपलेल्या माणसासारखा आवाज. अविनाशला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ही दोन वर्षं मी दुपारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसत आले, ब्लोअर एकवर ठेवून. लोक काय म्हणतील ते म्हणोत. तो गेला तेव्हा मी हॉस्पिटलच्या खालच्या मजल्यावर औषधांच्या रांगेत होते. वीस मिनिटं. त्याच्याजवळ माझी नणंद निर्मला होती. ती वीस मिनिटं मला कुणी परत देणार नव्हतं, म्हणून मी हा आवाज धरून बसले होते.

जुन्या गाड्यांचे एसी अजून हातात धरणारे एक पाटील मेकॅनिक बोईसरला आहेत असं कळलं. मार्चचे दिवस, समुद्र जवळ, तेव्हा म्हटलं दोन दिवस केळवे-दातिवरे करून मग बोईसर गाठू. निर्मला सोबत आली. बाईनं एकटीनं एवढी धूड गाडी नेऊ नये, असं तिचं मत. तिला स्वतःला स्कूटरसुद्धा येत नाही.

सकाळी सहाला निघालो. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर हा रस्ता मोठ्या गाडीला सावकाश पण सुंदर आहे. वळणं खूप, म्हणून दुसऱ्या गियरची सवय हवी. डिझेल नाशिकलाच भरून घ्या. जव्हारला चहा आणि गरम वडे मिळाले. इंजिनाचा काटा मी घाटभर डोळ्यांत तेल घालून बघत होते. ब्लोअर मुद्दाम बंद ठेवला होता, तरी मोखाड्याच्या पुढे मोकळ्या माळावर वारा समोरून आला आणि डॅशबोर्डमध्ये कुणीतरी एकदाच घरघरलं. निर्मला बोलत होती ती मध्येच थांबली. मी गियर बदलला आणि मोह फुललाय बघ म्हणाले.

दुपारी केळव्यात पोचलो. आडवारी गेलात तर किनारा अगदी रिकामा असतो, सुरूच्या झाडांखाली एखादी टांगेवाल्याची घोडी तेवढी. नारळी-पोफळीच्या एका वाडीत गाडी उभी करायला जागा मिळाली, दोनशे रुपये, पाणी आणि बाथरूम धरून. घरच्या बाईंनी ताज्या बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. पोफळीची वाडी फार दाट असते. भर दुपारी तिथे संध्याकाळ असते आणि वर पानं हलत असली तरी खाली काही हलत नाही. जेवून गाडीत आडव्या झालो, उकडत होतं म्हणून मी ब्लोअर लावला.

घरघर. थांबणं. हवा.

निर्मला ताडकन उठून बसली.

"वहिनी, बंद कर."

"अगं, जुनं यंत्र आहे."

"बंद कर आधी!"

मी बंद केला. ती चप्पल न घालताच खाली उतरली आणि विहिरीच्या काठावर जाऊन बसली. विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय. मला तिचा राग आला. माझ्याच गाडीत, माझ्याच नवऱ्याचा आवाज, आणि हिला त्याचं पित्त होतं!

दुसऱ्या दिवशी एडवणवरून दातिवऱ्याला गेलो. रस्ता अरुंद, समोरून एसटी आली की एकानं मागे जायचं, आणि ते बहुतेक आपणच. गाव संपतं तिथे जमीनही संपते. वैतरणेची खाडी, पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला, अलीकडे बांबूंवर वाळत घातलेले बोंबील. ओहोटी होती. होड्या चिखलात एका कुशीवर कलंडल्या होत्या. गाडी समुद्राकडे तोंड करून लावली, किल्ली काढली आणि आम्ही दोघी वाळूत पुढे गेलो. माणूस कुठे दिसत नव्हतं, नुसता वारा.

परतलो तर एक म्हातारी कोळीण गाडीच्या दाराशी उभी होती, कान लावून. हातातली टोपली तशीच.

"बाय, आत कोन निजलाय?" तिनं विचारलं.

"कुणी नाही, मावशी. आम्ही दोघीच आहोत."

"नाय कसा? मी आयकला ना. त्याला दम लागलाय. माणूस आजारी हाय तर असा कोंडून जातात काय?"

किल्ली माझ्या मुठीत होती. इंजिन बंद, ब्लोअर बंद. आम्ही तिघी उभ्या राहिलो आणि काचेआडून आवाज आला. या वेळी मलाही तो झोपेतला वाटला नाही. म्हातारीनं दार उघडायला लावलं, पलंगाखाली वाकून पाहिलं, बेसिनखालचा पडदा सारला. मग टोपली उचलली. चार पावलं गेल्यावर वळून म्हणाली, "त्याला जाव द्या, बाय."

निर्मला पायरीवर बसली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा त्या दिवसाबद्दल बोलली.

"तुला वाटतं दादा झोपायचा तसा आवाज आहे हा. तो असा झोपायचा नाही, वहिनी. शेवटी असा होता. तू खाली गेलीस तेव्हा. एक श्वास, मग इतका वेळ काही नाही, मग पुन्हा एक. मी हात धरून मोजत होते."

जी वीस मिनिटं मला मिळाली नाहीत म्हणून मी कुढत होते, त्यांच्यातच मी रोज दुपारी जाऊन बसत होते, आणि मला ते माहीतही नव्हतं.

तिसऱ्या दिवशी पालघरवरून बोईसर. गाव यायच्या आधी वास येतो, कारखान्यांचा, घशाशी आंबट लागणारा. खिडक्या लावल्या. पाटलांचं शेड तारापूरच्या रस्त्याला, वेल्डिंगच्या दुकानाला लागून आहे. लांबून वीज केंद्राच्या चौकोनी इमारती दिसतात, इतक्या गप्प की तिथे काही चालत असेल असं वाटत नाही. पाटील मूळचे खानदेशातले, कारखान्यांच्या शीतगृहांवर उमेदीची वर्षं घालवलेले. त्यांनी ग्लोव्ह बॉक्स काढला, मागचं प्लास्टिक सोडवलं, आत टॉर्च मारला आणि हसायलाच लागले.

"ताई, साहेब कारखान्यात होते का हो?"

"मेंटेनन्सला. तीस वर्षं."

"तरीच. दसऱ्याला मशीनची पूजा!" त्यांनी मूठ बाहेर काढली. तांदूळ. हळदीनं पिवळे, ओल धरून दगड झालेले. झेंडूची देठं, आपट्याची पानं, कुंकवाचा चिखल. अविनाश दर दसऱ्याला गाडीला हार घालायचा, नारळ फोडायचा, आणि एसीच्या जाळीत चिमूटभर अक्षता सोडायचा. गाडीचं तोंड ते, म्हणायचा, तिलाही घास हवा. मीच तबक धरून उभी असायचे. इतक्या वर्षांचे घास खाऊन त्या एसीचा श्वास कोंडला होता. शेजारचा वेल्डर डोकावून म्हणाला, "भाईसाब, इतने में तो पुलाव बन जाता," आणि आम्ही हसलो, निर्मलासुद्धा.

हवा आत घेणारी झडप त्या तांदळात अर्धी अडकली होती. बाहेरून वारा शिरला किंवा ब्लोअरनं हवा ओढली की ती उघडायची, अडायची, सुटायची. बस, एवढंच. कारण कळल्यावर भीती जाईल असं वाटलं होतं. पण पाटील समजावत असताना बाहेर वारा आला, झडपेनं लांब घरघर केली, आणि ते स्वतःच बोलायचे थांबले.

"आता सांगा," ते हात पुसत म्हणाले. "दुरुस्त करायचं तर कॉम्प्रेसर आणि कॉइल नवीन, गॅस भरून गार करून देतो. झडप तीच ठेवता येईल, आवाज थोडाफार राहील. काढायचं तर संध्याकाळपर्यंत झडपेसकट सगळं बाहेर, पट्टा फक्त पंपापुरता, वर पत्रा. उकडेल, पण घाटात दगा नाही."

मी तयारीनं आले होते, दुरुस्त करा म्हणायला. पैसेही आणले होते. मी निर्मलाकडे पाहिलं. ती झडपेकडे बघत होती, ओठ हलत होते. ती मोजत होती.

"पुढचा येतो," ती हळू म्हणाली. "वहिनी, याचा दर वेळी पुढचा येतो. दादाचा आला नाही. मी हात धरून वाट बघत राहिले. अजून बघतेय."

"काढा," मी पाटलांना म्हणाले.

चार तास लागले. आम्ही टपरीवर बसलो, ती बोलत होती आणि मी ऐकत होते, त्या वीस मिनिटांचं सगळं. शेवटी त्यानं माझं नाव घेतलं का, हेही विचारलं. नाही घेतलं, ती म्हणाली. तिनं खोटं सांगितलं नाही याचं मला बरं वाटलं आणि फार रडूही आलं.

चिल्हार फाट्यावरून मनोर, तिथून आल्या वाटेनं नाशिक. या गाडीनं कोकणपट्टीत जायचं असेल तर मार्चनंतर नको. उकडतं, कपडे अंगाला चिकटतात. इंजिनाचा काटा मात्र एकदाही वर गेला नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सोसायटीत गाडी लावली आणि इंजिन बंद केलं. निर्मलानं पिशव्या मांडीवर घेतल्या, पण ती उठली नाही. मीही नाही. अंगणातून वारा आला, काचेवर धूळ सरकली. आम्ही दोघी वाट बघत होतो.

पुढचा आला नाही. तिनं माझा हात धरला आणि आम्ही आणखी थोडं थांबलो. मग मी दार उघडलं.